हलूनकांचा डावा डोळा

आमच्या ह्यांचं खरं नाव कचेरीच्या पगारपत्रकावर आहे, आणि माझ्या लक्षात आहे. बाकी सगळं शहर त्यांना हलूनका म्हणतं. ओळखपत्राच्या कचेरीत फोटोच्या खिडकीमागे बसून ते दिवसभर एकच वाक्य बोलतात, "हलू नका." म्हणून हलूनका. भर बाजारात लोक हाक मारतात, "ओ हलूनका, काय म्हणता?" आणि मला म्हणतात हलूनकीण. सुरुवातीला मी भांडले, मग सोडून दिलं. किती जणांशी भांडणार?

पण कामाला माणूस सोन्यासारखा. रडकं मूल असो की कॅमेऱ्याला घाबरणारा पैलवान असो, ह्यांच्यासमोर स्टुलावर बसला की निवळलाच. हात न लावता, नुसती हवेत बोटानं खूण करून ते माणसाची मान सरळ करतात. त्यांना माणसांचे चेहरे बघायला मनापासून आवडतं. घरी जेवताना विषय काय, तर आज एका माणसाचे कान किती छान होते. मी एकदा हौसेनं विचारलं, "आणि माझे हो?" तर मान तिरकी करून नीट बघितलं आणि म्हणाले, "उजवा जरा खाली आहे." असला नवरा.

मी घरी पडदे शिवते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं ही बाई दिवसभर बसून करते काय. तर एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना ह्यांनी मला डोळा मारला. डावा डोळा, चांगला मिटून. माझ्या हातातला डाव हातातच राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण हे कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, बाई गं, ह्या माणसाला उशिरा का होईना, सुचलं! दुसऱ्या दिवशी मी केसांना रंग लावला. तिसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे काढले. हे रोज डोळा मारत होते आणि मी रोज लाजत होते. एकदा तर मीही उलट मारला, तर म्हणतात, "डोळ्यात काही गेलं का गं?"

मग एक दिवस गॅसवाला आला. एवढ्या मोठ्या मिशा, खांद्यावर सिलिंडर, आणि आमचे हे दारात उभे राहून त्याला डोळा मारतायत! तो बिचारा असा गांगरला की रिकामं सिलिंडर न घेताच जिना उतरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "काय चाललंय?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला डोळा मारला, तेव्हा माझी खात्री पटली की ह्यात माझा काही संबंध नाही. वाईट वाटलं हो. खोटं कशाला बोलू? केसांचा रंग तर आणखी महिनाभर तसाच राहिला.

त्याच्याही आधी नुसती खालची पापणी लवत असणार, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग पुरता डोळा मिटायला लागला. मग गाल वर ओढला जाऊ लागला, आणि शेवटी ओठाचा डावा कोपराही त्यात सामील झाला. सगळा धिंगाणा डाव्या बाजूला. उजवी बाजू एकदम सज्जन, शेजाऱ्यांच्या भांडणात पडायचं नाही अशी.

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, औषधाच्या दुकानात काम करतात. डॉक्टर होण्यापासून त्यांना फक्त शिक्षणानं अडवलं. ते म्हणाले, "वहिनी, कॅल्शियम कमी झालंय." गोळ्या आणल्या. मग म्हणाले, झोप कमी आहे. मग म्हणाले, डोळे कोरडे पडलेत, थेंब घाला. मग म्हणाले, डोळ्यांवर काकडी ठेवा. ह्यांनी काकडी ठेवली, आणि गाल उडाला तशी ती टुणकन खाली पडली. पडली ती ह्यांनी खाऊन टाकली. काकडीचा गुण आला नाही, पण भावजींनी हार मानली नाही. दर रविवारी नवी बाटली घेऊन हजर!

खरी पंचाईत कचेरीत झाली. एरवी हे गप्प बसले तर डोळाही बराचसा गप्प असायचा. बोलायला तोंड हललं की तो खवळायचा, आणि सगळ्यात जास्त खवळायचा ओठांचा चंबू झाला की. आता "हलू" म्हणताना ओठांचं काय होतं, म्हणून बघा. म्हणजे स्टुलावर माणूस श्वास रोखून बसलाय, हे म्हणतायत "हलू नका", आणि त्याच क्षणी ह्यांचा डोळा मिटतो, गाल वर जातो, ओठ वाकडा होतो, आणि बटण दाबलं जातं.

मग फोटो कसे यायचे? कुणी हसू दाबतोय, कुणाचे गाल फुगलेत, कुणी चक्रावलाय. एका निवृत्त फौजदारानं तर उलट डोळा मारला आणि तोच फोटो निघाला. ओळखपत्रावर हसायला परवानगी नाही, दोन्ही डोळे उघडे लागतात. मुख्य कचेरीतून गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले. तुमच्या शहरातले लोक एवढे खूश का आहेत, म्हणून विचारणा झाली.

ह्यांनी काय काय नाही केलं! गालावर रुमाल धरला, तर लोक विचारायचे, दाढ दुखते का. काळा चष्मा घातला, तर समोरच्याचे डोळे उघडे आहेत की मिटलेत हेच दिसेना. शेवटी म्हणाले, शब्दच बदलतो. "हलू नका"च्या जागी "स्तब्ध" म्हणायला लागले. पहिल्याच गिऱ्हाइकानं ते ऐकलं, स्टुलावरून उठला, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?" मागची रांगही उभ्या उभ्या गप्प झाली. ह्यांनी परत "हलू नका" सुरू केलं.

पण एवढं सगळं होऊनही एकाही माणसाला त्यांनी सांगितलं नाही, की बाबा रे, माझा डोळा आपोआप मिटतो. लाज वाटायची. मला म्हणायचे, "लोकांना सरळ बसा म्हणायचं, आणि आपलंच तोंड वाकडं. कुठल्या तोंडानं सांगू?"

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे फोटोंचं काय चाललंय?" हे सांगायला गेले, तोंड उघडलं, आणि डोळा मिटला. साहेबांना वाटलं, काहीतरी आतली गोष्ट आहे, सगळ्यांसमोर बोलण्यासारखी नाही. त्यांनीही डोळा मारला आणि दार लावून घेतलं. मग दोघं समोरासमोर बसले, साहेब ऐकायला उत्सुक, आणि ह्यांना काही सांगताच येईना. शेवटी साहेब म्हणाले, "समजलं. मी बघतो." काय समजलं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आणि मग मुख्य कचेरीतून तपासनीस मॅडम आल्या. बाई कडक. चालताना सुद्धा इस्त्री मोडत नाही अशा. म्हणाल्या, "मीच बसते स्टुलावर. बघू काय होतं ते." ह्यांना घाम फुटला. घाबरलं की डोळ्याला आणखी चेव येतो. हे म्हणाले "हलू नका," आणि डोळ्यानं, गालानं, ओठानं मिळून जे काही केलं, ते बघून मॅडम ताडकन उठल्या. तोंड लालबुंद. "माझ्याशी चाळे करता?"

संध्याकाळी हे घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. मॅडमनी तक्रार केली होती. आठवड्यानं सुनावणी. तोवर खिडकीवर बसायचं नाही, आणि तक्रार खरी ठरली तर कायमची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत. "जाऊ दे," हे म्हणाले. "फाइलींना तोंड नसतं. बरंच आहे." मला रडूच आलं. माणसांचे चेहरे बघून ज्याचा दिवस जातो, त्याला तळघरात कोंडायचं? आणि नावावर काय, तर बायकांना डोळे मारणारा. मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर हे होऊ देणार नाही." बोलून गेले खरी, पण करायचं काय, ते मला तरी कुठे माहीत होतं?

त्या रविवारी दुपारी हे झोपले होते. चांगले घोरत होते. मी मशीनवर बसले होते, सहज मान वळवली, तर घोरता घोरता डावा डोळा आवळतोय आणि गाल उडतोय! मी मशीन थांबवलं. झोपेत कुणी कुणाला डोळा मारतं का? मनात आलं, ही सवय नव्हे, की थकवाही नव्हे. तेवढ्यात भावजी नवी बाटली घेऊन आले. मी म्हटलं, "भावजी, बाटली ठेवा खिशात आणि मेंदूच्या डॉक्टरचा पत्ता द्या." पत्ता मात्र त्यांनी चांगला दिला, हे कबूल करायला हवं.

डॉक्टर म्हणजे एक शांत बाई. त्यांनी ह्यांना डोळे घट्ट मिटायला लावले, उघडायला लावले, दात दाखवायला लावले. विचारलं, "एकाच बाजूला होतं? झोपेतही होतं? बोलताना वाढतं?" प्रत्येक वेळी मीच हो म्हणाले, कारण ह्यांची दातखीळ बसली होती. मग ह्यांनी सगळा धीर गोळा करून विचारलं, "डॉक्टर, मला वेड लागतंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग अर्धांगवायू?"

"नाही. त्यात चेहरा लुळा पडतो. तुमचा तर नको इतकं काम करतोय." मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चेहरा हलवणारी नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून बसलेली असते. हृदयाच्या ठोक्याबरोबर ती नसेला ढोसत राहते. नस वैतागते आणि स्नायूंना भलतेसलते हुकूम सोडते. "तुम्ही काहीच करत नाही. ताणानं हे वाढतं, पण ताणामुळे सुरू झालेलं नाही. तुमचा स्वभाव, तुमची सवय, ह्याचा काही संबंध नाही."

मला आमच्या जुन्या घराची बेल आठवली. तिची वायर कुठेतरी घासायची आणि दारात कुणी नसताना बेल वाजायची. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच." ह्यांनी तोंड फिरवलं आणि रुमाल काढला, पण ह्या वेळी गालावर धरायला नाही. जीव भांड्यात पडल्यावर माणूस असाच रडतो.

दुसरं काही नाही ना, हे बघायला त्यांना नळीसारख्या मोठ्या यंत्रात झोपवलं. बाहेर आल्यावर हे म्हणतात, "अगं, आत भोंग्यातून एक माणूस ओरडतो, हलू नका! किती उद्धटपणे! मी असं म्हणतो का गं?" मी म्हटलं, "तुम्ही गोड म्हणता." रक्तवाहिनी नसेला टेकलेली यंत्रात दिसली, बाकी सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी सांगितलं, गालात आणि डोळ्याभोवती बारीक इंजेक्शनं देऊ, त्यानं स्नायू सैल पडतात. काही महिन्यांनी गुण उतरला की पुन्हा द्यायची. ऑपरेशनही असतं, त्याचा विचार सावकाश करू. इंजेक्शनाची तारीख मिळाली ती सुनावणीच्या नंतरची.

निघताना मी सगळी रामकहाणी ओकले. तक्रार, मॅडम, तळघर. डॉक्टर हसल्या. "हे डोळा मारणं नाही, हे तर ह्यांच्या भुवईवरूनच कळतं. आपण मुद्दाम एक डोळा घट्ट मिटला तर त्या बाजूची भुवई खाली येते. ह्यांचा डोळा मिटतो तेव्हा भुवई वर जाते. तुम्ही करून बघा, जमतं का." त्यांनी तसं चिठ्ठीत लिहूनही दिलं. परत येताना बसमध्ये मी सारखी करून बघत होते. समोरच्या बाईनं उठून जागा बदलली.

सुनावणीच्या दिवशी हे जेवणाचा डबा घरी विसरले. खरं सांगायचं तर मीच तो पिशवीतून काढून ठेवला होता. डबा द्यायच्या निमित्तानं मी तडक केबिनमध्ये घुसले. मोठे साहेब खुर्चीत, मॅडम शेजारी, दारात अर्धी कचेरी डोकावतेय, आणि हे मान खाली घालून उभे. चिठ्ठी साहेबांच्या हातात होती. मॅडम म्हणत होत्या, "डॉक्टर काय, काहीही लिहून देतात."

"मग तुम्हीच करून बघा ना मॅडम," मी म्हटलं. "डावा डोळा मिटा आणि डावी भुवई वर न्या."

"तुम्ही कोण?"

"मी डबा. म्हणजे, डबा घेऊन आलेली बायको."

मॅडमनी नाक मुरडलं. पण साहेबांना राहवलं नाही. त्यांनी डोळा मिटला. भुवई खाली. पुन्हा मिटला, पुन्हा खाली. मग त्यांनी भुवई बोटानं वर धरली, तर डोळा उघडला. हेडक्लार्क म्हणाले, "सोपं आहे," आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटले आणि तोंड उघडलं. टंकलेखक बाईंचे कान हलले, पण भुवई हलेना. शिपाई इतका जोर लावत होता की त्याच्या गालात गोळा आला आणि तो गाल धरून खाली बसला. सगळी केबिन एकमेकांना डोळे मारत होती. तेवढ्यात बाहेरून एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि आल्या पावली परत गेलं. मी मॅडमकडे बघितलं. त्या भिंतीकडे तोंड करून गुपचूप करत होत्या. बराच वेळ करत होत्या.

वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "जमत नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. तक्रार मागे घेते." मी हुश्श करणार, तेवढ्यात म्हणाल्या, "पण फोटोंचं काय? डोळा मुद्दाम मिटू दे नाहीतर आपोआप, समोरचा माणूस हसतोच. अशानं खिडकी कशी चालेल? तळघरातच बरं."

आणि आमचे हे म्हणतात, "बरोबर आहे मॅडमचं." मला वाटलं, डबा फेकून मारावा. मी म्हटलं, "अहो, एकदा तरी लोकांना सांगून बघा! इतके दिवस लपवलंत म्हणून लोक हसले. मला घरी कळल्यावर मी हसते का?" आता हे काही खरं नव्हतं, मी हसते. पण वेळ मारून नेली. मॅडमनी बाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. रांगेतला पुढचा माणूस. एक फोटो. मी उभी राहून बघणार."

रांगेत पुढे होत्या एक म्हाताऱ्या आजी. स्टुलावर बसल्या. आजींची मान हलत होती. सारखी, डावीकडून उजवीकडे, नाही-नाही म्हणत असल्यासारखी. आधीचे त्यांचे सगळे फोटो पुसट येऊन परत आले होते. मी मनात म्हटलं, झालं! एवढ्या रांगेत ह्याच सापडायच्या होत्या!

हे कॅमेऱ्यामागून उठले. आजींच्या समोर येऊन वाकले. कानापर्यंत लाल झाले होते. आणि म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजी, माझा हा डोळा आपोआप मिटतो. गालही उडतो. आजार आहे. मी तुम्हाला डोळा मारत नाहीये."

"हात् मेल्या," आजी म्हणाल्या, "मारलास तरी मला कुठे धड दिसतंय! माझ्या मानेचंही तसंच बघ. सून विचारते, चहा घेता का? मला हवा असतो रे. पण मान म्हणते नाही. मग ती आपली निघून जाते. दर वेळी ओरडून कोण सांगणार, सोडून दिलंय मी."

रांगेत कुणी हसलं नाही. हे जागेवर गेले. गप्प बसले, एक अक्षर बोलले नाहीत. आजींची मान हलत होती, ह्यांचा डोळा अधूनमधून मिटत होता, आणि मॅडम घड्याळ बघत होत्या. मागून कुणीतरी कुरकुरलं, "आटपा की." हे हलले नाहीत. कशाची वाट बघतायत ते मला कळेना. मग कधीतरी आजींची मान एका टोकाहून परत फिरताना पळभर थबकली, ह्यांचा डोळाही नेमका उघडा होता, आणि बटण दाबलं गेलं.

मॅडम संगणकाच्या पडद्याशी वाकल्या. फोटो स्वच्छ होता. सरळ मान, दोन्ही डोळे उघडे, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. त्यांनी तो दोनदा बघितला. "खिडकी चालू राहू द्या," त्या साहेबांना म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघून गेल्या. मी भर कचेरीत मोठ्यानं रडले. आपलाच नवरा, लाज कसली?

मला वाटलं, आता हे पुढच्याला बोलावतील. पण हे उठले, कोपऱ्यातल्या किटलीतून अर्धा कप चहा ओतला आणि आजींपुढे जाऊन उभे राहिले.

"आजी, चहा घेता?"

आजींची मान नाही-नाही म्हणत हलत राहिली. ह्यांनी कप त्यांच्या हातात दिला.